टिंबकाकांचा मुका

प्रूफ हातात घेण्याआधी टिंबकाका रुमालानं टेबल पुसायचे. टेबल स्वच्छच असायचं.

पेन्सिलीला दोन्ही बाजूंनी टोक काढायचे. एक चुकांसाठी, एक शंकांसाठी.

पान संपल्याशिवाय चहाला हात लावायचे नाहीत. मग गार झालेला चहा एका घोटात संपवायचे आणि म्हणायचे, "वा, कडक होता."

पूर्णविराम आला की टाच आपटायचे. स्वल्पविरामाला नुसता चवडा.

सुटलेला अनुस्वार सापडला की "टिंब!" असं ओरडून पेन्सिल टेकवायचे. डास मारल्यासारखी.

कुणी "चुकून राहिलं" म्हणालं की ऐकवायचे, "चूक राहत नसते. आपण तिला ठेवून घेतो."

आणि हल्ली हल्ली ते कागदाकडे सरळ बघत नसत. कोंबडी दाण्याकडे बघते तशी मान तिरकी करून बाजूनं बघायचे.

समोरच्या टेबलावरच्या मुलीनं हे सगळं टिपून ठेवलं होतं. शेवटची गोष्टही तिनं लकबींतच धरली. एकसष्ट वर्षांच्या माणसाला एखादी लकब वाढली, तर मोजतंय कोण?

ती साहित्याची पदवी घेऊन छापखान्यात चिकटली होती. पहिल्या दिवशी तिनं पदवीचा कागद काकांपुढे ठेवला. काकांनी तो वाचला आणि त्यात एक टिंब घातलं. विद्यापीठाच्या शिक्क्याच्या बरोबर वर. "आता खरी बीए झालीस," असं म्हणून कागद परत दिला. तेव्हापासून तिचं नाव बीए. त्यांचं टिंबकाका हे नाव तिच्या जन्माआधीपासूनचं.

छापखाना तीन खोल्यांचा. मागे मशीन, मधे कागदाचे गठ्ठे, पुढे खिडकीशी दोन टेबलं आणि एक कॉम्प्युटर. कॉम्प्युटर सगळ्यांचा. सकाळी मालकीणबाई त्यावर मेल बघायच्या. जेवणाच्या सुट्टीत मशीनमामा जुन्या मोटारसायकली बघायचे आणि एकही घ्यायचे नाहीत. टिंबकाका त्याला "डबा" म्हणायचे आणि चार हात लांब राहायचे. गेल्या दोन आठवड्यांत मात्र मामा उठले की काका जाऊन बसायला लागले होते. दहा मिनिटं. पाठ सगळ्यांकडे.

एका सकाळी मालकीणबाईंनी बातम्यांचं पान उघडलं आणि मोठ्यानं विचारलं, "डोळे कुणाला आलेत रे?"

पानाच्या कडेला जाहिराती होत्या. हातात धरायचं भिंग. दिव्याचं भिंग. बोलणारं घड्याळ. डोळ्यांचा दवाखाना, आणि हसणारा एक डॉक्टर.

"मला नाहीत," मामा मागून म्हणाले. "मला तर नको ते पण दिसतं."

"बीए, तू?"

"नाही बाई."

मालकीणबाई हसल्या. "मग या डब्याला मोतीबिंदू झाला असेल."

बीए पण हसली. हसताना तिची नजर काकांकडे गेली. त्यांची पेन्सिल कागदावर टेकलेली होती. हलत नव्हती. त्या पानावर त्यांनी पूर्ण सकाळभर टाच आपटली नाही.

दुपारी मालकीणबाई बाहेर गेल्या. काका खुर्ची सरकवून तिच्याजवळ आले.

"बीए, या डब्याला चुगली करायची खोड आहे."

"म्हणजे?"

"आपण काहीतरी बघायचं आणि त्यानं ते गावभर करायचं. असला एखादा मिळेल का, जो बघितलेलं पोटात ठेवेल?"

तिनं कारण विचारलं नाही. विचारायला हवं होतं, हे तिला पुढे बरेच दिवस वाटत राहिलं. तिच्या भावाकडे एक ब्राउझर होता. फारसा कुणाला माहीत नसलेला. जगभरचे हौशी लोक फावल्या वेळात तो बनवतात, असं भाऊ सांगायचा. आपला माग काढू देत नाही, बंद केला की सगळं विसरतो, आणि हवा तसा बदलून घेता येतो.

"बोलत नाही म्हणतेस?"

"एक शब्द नाही."

"मग तो मुका. घाल आत."

तिनं तो उतरवून घेतला. पडद्यावर एक राखाडी चिन्ह आलं. तेवढ्यात मामा चहा घेऊन आले.

"बीए, मुका दे बघू," काका म्हणाले. त्यांना माऊस हवा होता.

मामा दारातच थांबले. "काका, या वयात? आणि चहा आणायच्या वेळेला?"

बीए टेबलावर डोकं ठेवून हसली. काकाही हसले. त्या दिवशी दोघं शेवटचं मोकळेपणानं हसले.

मुका फारच चौकस निघाला, पण स्वतःपुरता. टॅब वर हवेत, खाली हवेत की बाजूला? रंग कोणता? अक्षर केवढं? कुठल्या साइटला काय लक्षात ठेवू द्यायचं? काकांनी सगळी उत्तरं झटपट दिली, जणू ती आधीपासून तयार होती. टॅब उजव्या कडेला. मागचा रंग फिकट पिवळा. अक्षर काळं, जाड. केवढं? "वाढव," ते म्हणाले. "अजून. अजून. बस." एका ओळीत चार शब्द मावायला लागले.

"एवढं मोठं?"

"मोकळं ढाकळं असलेलं बरं."

मग त्यांनी तेच बातम्यांचं पान मुक्यात उघडलं. कोपऱ्यात एक आकडा आला. तिनं वाचून दाखवलं, "या पानावर एकवीस जण डोकावत होते. अडवले."

"एकवीस!" काका खूश झाले. "आमच्या गल्लीत नवं कुटुंब राहायला आलं तेव्हासुद्धा एवढे डोकावले नव्हते."

शेवटी एक यादी होती. मराठीतच होती. कुणीतरी हौसेनं भाषांतर केलेलं, आणि घाईत. पहिल्याच ओळीपुढे चौकट होती. काकांनी मान तिरकी केली आणि मोठ्यानं वाचलं, "खिडकी बंद करताना सगळं विसरा. कर खूण."

बीएचा हात माऊसवरच राहिला.

पडद्यावर "खिडकी बद करताना" असं लिहिलं होतं. टिंब नव्हतं. अक्षरं बोटाएवढी होती. व्यायामाच्या पुस्तकात "मांडी घालून बसावे" याचं "माडी घालून बसावे" झालं होतं, तेव्हा या माणसानं छापलेला गठ्ठा थांबवला होता आणि "एवढी माडी घालायला नगरपालिकेची परवानगी लागेल" असं सुनावलं होतं. तो आता "बद" वरून सरळ पुढे गेला होता.

ती थांबली. आता ओरडतील. आता.

"कर की खूण," काका म्हणाले.

तिनं खूण केली. ओळ त्यांच्या नजरेखालून गेली आणि तिच्याही. पण तिचं सगळं लक्ष त्या एका टिंबात अडकलं होतं. सगळं विसरा म्हणजे नेमकं काय काय विसरा, हे तिनं तपासलं नाही. अक्षरं तपासणारी माणसं ती. अर्थ दुसऱ्या कुणीतरी बघितलेला असतो, अशी त्यांची सवय.

"काका," ती हळू म्हणाली, "बंदवर टिंब नाहीये."

काकांनी मान आणखी तिरकी केली. मागे मशीन चालू होतं. शेवटी त्यांनी विचारलं, "कुठल्या?"

मग त्यांनी सांगितलं. एकही शब्द वाढवून नाही.

मधोमध एक डाग आला होता. जिथं बघावं तिथंच बसायचा. "तुझा कान दिसतो. खांदा दिसतो. तोंड नाही." अक्षराचा आकार कळायचा, डोक्यावरचं टिंब जायचं. डॉक्टरांनी हात टेकले होते. चष्म्यानं भागण्यातलं नव्हतं. "आणि बीए, वाचायला डोळे लागतात हे खोटं आहे. ‘बंद’ मी दहा हजार वेळा वाचलाय. तो मला पाठ आहे. कागदावर नसला तरी मला दिसतो. हीच तर पंचाईत आहे."

"बाईंना सांगा ना."

"सांगतो. ही पुस्तिका झाली की."

पुस्तिका एका मोठ्या दवाखान्याच्या परिचारिकांसाठी होती. खिशात ठेवायची. लहान मुलांच्या औषधांच्या मात्रा. सात फर्मे, म्हणजे एकशे बारा पानं. पानोपानी कोष्टकं, कोष्टकांत आकडे, आकड्यांत टिंबं. दोन टिंब पाच याचं टिंब गेलं, तर पंचवीस.

बीए म्हणाली, "काका, पहिले दोन फर्मे छापून झालेत."

"ते काकूनं वाचलेत. घरी. चार चार वेळा. तिला इतकी औषधं पाठ झालीत की शेजारीण सल्ला विचारायला येते." ते हसले नाहीत. "आता दवाखान्यानं कळवलंय, प्रूफ बाहेर न्यायचं नाही. म्हणून या डब्याशी आलो. भिंग शोधत होतो."

"पण असं का? एका पुस्तिकेसाठी?"

"एकतीस वर्षं झाली या खुर्चीत. मला उठायचं आहे. मला उठवलेलं नको. लोक चांगले आहेत गं, च्च च्च करतील, आंधळा झाला बिचारा म्हणतील. शेवटच्या पुस्तकावर माझी सही पाहिजे आणि दुसऱ्या दिवशी मी स्वतः सांगितलं पाहिजे. बस."

बीए खिडकीबाहेर बघत राहिली. तिला कधीही न पाहिलेलं एक तापलेलं मूल दिसत होतं, आणि परिचारिकेच्या खिशातली पुस्तिका.

"एक अट," ती म्हणाली. "माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय एकाही फर्म्यावर सही करायची नाही."

"करार," काका म्हणाले.

त्याच संध्याकाळी तिनं रविवारसाठी पहिले दोन फर्मे मागून घेतले. छापलेली पानं नेण्यावर बंदी नव्हती. बत्तीस पानं. दिवसभर बोट ठेवून वाचली. एकही टिंब सुटलं नव्हतं. काकूंची कमाल होती. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची भीती वाटली.

छापखान्यात प्रूफ वाचायची एक रीत होती. एकानं मूळ मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं प्रूफ धरायचं. टिंबासकट, टाचेसकट. आजवर बीए मूळ वाचायची आणि काका प्रूफ धरायचे. आता त्यांनी उलटं केलं. पुस्तिकेचं मूळ मेलनं आलं होतं आणि कॉम्प्युटरवर उतरवून ठेवलेलं होतं. ते काका मुक्यात उघडायचे, पिवळ्या पडद्यावर, बोटाएवढ्या अक्षरांत. मान तिरकी करून एकेक आकडा उच्चारायचे. "दोन, टिंब, पाच. शून्य, टिंब, सात." एवढं मोठं केल्यावर आणि माहीत असल्यावर टिंब त्यांना सापडायचं. शोधून, कडेनं, पण सापडायचं. बीए प्रूफ धरायची. काम संपलं की खिडकी बंद. सगळं विसरलं.

पण आधी जुन्या ब्राउझरची तोंडं बंद करायला हवी होती. ते काम बीएनं केलं, आणि जास्तच केलं. काकांनी बघितलेलं पुसताना तिनं एक खूण जादा केली.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाई मेल उघडायला बसल्या. "माझा पासवर्ड कुणी खाल्ला?"

बीएनं मान प्रुफात घातली.

"चार वर्षं हा मला विचारत नव्हता. आज विचारतोय. मला कुठे माहीत आहे तो?" त्यांनी खुर्ची वळवली. "मामा?"

"मी मोटारसायकलीपलीकडे जात नाही बाई."

"काका, तुम्ही तर याला शिवत नाही. बीए?"

"मी... साफसफाई केली. जड झाला होता."

"विचारून करायची." बाईंचा आवाज चढला नाही. तो चढत नसे. "आणि हे राखाडी काय आहे?"

"नवा ब्राउझर आहे. काका शिकतायत. माग ठेवत नाही तो."

"काका? आणि शिकतायत?" त्यांनी काकांकडे नीट बघितलं. "काय लपवायचंय एवढं? दुसऱ्या छापखान्यात अर्ज टाकताय का?"

"या वयात मला घेणार कोण, बाई," काका म्हणाले. "तुम्ही घेतलंत तेच नवल."

बाई हसल्या. पण नवा पासवर्ड करून उठताना त्या राखाडी चिन्हाकडे परत एकदा बघून गेल्या.

पुढचे तीन दिवस बीए रोज सकाळी बाईंच्या आधी यायची आणि बातम्यांचं पान उघडून बघायची. पहिल्या दिवशी भिंग होतं. दुसऱ्या दिवशी भिंग नव्हतं, घड्याळ होतं. तिसऱ्या दिवशी मोटारसायकली होत्या आणि पडद्याचं कापड होतं. कापड बाईंचं. तिनं लांबूनच काकांना मान हलवून सांगितलं. काकांना ती हललेली दिसली की नाही, कळलं नाही. तिनं जवळ जाऊन सांगितलं.

"भिंगांची जाहिरात गेली?"

"गेली."

"पाठ सोडली म्हणायची." त्यांनी पेन्सिल उचलली. चुकीच्या टोकाकडून.

तिसरा फर्मा झाला. चौथा झाला. दोघांचा एक ताल बसला होता. तरी बीएला धड झोप लागत नव्हती, आणि जेवताना समोरच्या भातातली शितं टिंबांसारखी दिसायची. तिनं वाचलेलं बरोबर होतं. ते तिला माहीत होतं. पण सही काकांची होती, आणि बाई प्रत्येक वेळी ती सही बघून निर्धास्त होत होत्या. खोटं कुणीच बोललं नव्हतं. फक्त खरं कुणी सांगितलं नव्हतं.

"काका, आता सांगू या," पाचव्या फर्म्याला ती म्हणाली.

"दोन राहिलेत."

सहाव्याला ती काहीच म्हणाली नाही.

सातवा फर्मा, सत्त्याण्णव ते एकशे बारा, बुधवारी लागला. वाचून झाला. सही व्हायची होती, तेवढ्यात दवाखान्याच्या मुख्य परिचारिकेचा फोन आला. शेवटच्या कोष्टकांत बदल आहेत, मेल केलेत, चार वाजता छपाईची प्लेट बनायला गेलीच पाहिजे. मेलमधले बदल मालकीणबाईंनी घाईघाईनं पानं जुळवणाऱ्याकडे पाठवले. दोन वाजता नवं प्रूफ आलं. बीए मधल्या खोलीत कागदाचा गठ्ठा मोजत होती. मामांनी ते प्रूफ काकांच्या टेबलावर ठेवलं.

त्याच वेळी परिचारिकेचा परत फोन. बदल सगळे उतरलेत का, मेलशी ताडून बघा. बाई कॉम्प्युटरपाशी बसल्या. नेहमीचा ब्राउझर उघडला. "नवी आवृत्ती येत आहे, थांबा," असं म्हणून तो गोल गोल फिरायला लागला. बाईंना थांबायला वेळ नव्हता. त्यांनी राखाडी चिन्हावर टिचकी मारली.

बीएला मधल्या खोलीतून फक्त खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. ती दारात आली.

पडदा पिवळाधमक होता. त्यावर दुकानाच्या पाटीसारखी काळी, जाड अक्षरं. एका ओळीत चार शब्द. मुका सगळं विसरला होता. कुठली पानं बघितली, कुठली कोष्टकं उघडली, काही काही त्याला आठवत नव्हतं. फक्त अक्षर केवढं, रंग कोणता, टॅब कुठे, हे त्यानं जपून ठेवलं होतं. ती आठवण नव्हती. ती मालकाची आवड होती. आवड विसर, असं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

बाईंनी मेल उघडायचा प्रयत्न केला नाही. त्या नुसत्या बघत होत्या. भिंग, घड्याळ, पासवर्ड, उलटी झालेली वाचनाची रीत. एकेक गोष्ट जाऊन जागेवर बसत होती, आणि ते त्यांच्या पाठीवरूनही दिसत होतं.

"हे कुणाचं आहे?"

"माझं," बीए म्हणाली. "माझे डोळे जरा..."

"तुझे?" बाई वळल्या. "तू समोरच्या तारेवरच्या चिमण्या मोजतेस."

मागचं मशीन थांबलं. मामा हात पुसत दारात आले. काका आपल्या खुर्चीत बसून होते. त्यांनी मान तिरकी केली नव्हती. सरळ बाईंकडे बघत होते, म्हणजे त्यांना बाई दिसत नव्हत्या.

मालकीणबाई वाईट नव्हत्या. त्यांना रागवायचंही नव्हतं. पण त्यांना खात्री हवी होती, आणि खात्री करून घ्यायची त्यांना एकच पद्धत माहीत होती. कामाची.

"काका, शेवटचा फर्मा समोर आहे. सही करून द्या. प्लेट जायचीय."

"बाई, मी अजून तो..." बीए पुढे झाली.

"तुला विचारलं नाही मी."

फर्म्याच्या पक्क्या प्रुफावर, पहिल्या पानाच्या वरच्या समासात, काका शाईच्या पेननं एक ओळ लिहायचे. "छापण्यास हरकत नाही." खाली सही. ती ओळ असल्याशिवाय मामा मशीनला हात लावत नसत. एकतीस वर्षांत ती ओळ त्यांनी किती वेळा लिहिली असेल, याचा हिशेब कुणाकडे नव्हता. ती लिहायला त्यांना डोळे लागत नव्हते.

बीएनं घड्याळ बघितलं. काकांनी सही केली, तर खुर्ची राहणार होती. बाई बहुतेक गप्प बसल्या असत्या, निदान आजच्या दिवस. पुस्तिका पुरी झाली असती, आणि उद्या ते स्वतः उठले असते, मनासारखे. फक्त हे प्रूफ तिनं बघितलं नव्हतं. कुणीच बघितलं नव्हतं. ती ओरडून तसं सांगू शकत होती. तिनं काकांच्या पेनकडे बघितलं.

काकांनी पेनचं टोपण काढलं. कागद जवळ ओढला. डाव्या हातानं समास चाचपला.

"छापण्यास," त्यांनी लिहिलं. अक्षर सुरेख होतं. नेहमीसारखं, एका रेषेत.

"हरकत."

पेन कागदावरून उचललं गेलं. पुढच्या शब्दाच्या जागेवर थांबलं. टोकाला शाई जमली.

मामांनी श्वास सोडल्याचा आवाज झाला.

काकांनी पेनला टोपण लावलं. "बाई, हा फर्मा मी वाचलेला नाही."

"मग वाचा."

"वाचता येत नाही मला. चार महिने झाले."

काकांनी टेबलाचा आधार घेतला आणि उभे राहिले. उठले ते स्वतःच. पण त्यांना हवं होतं तसं नव्हे. बीएजवळून जाताना ते थांबले. तिच्या कानाकडे बघत म्हणाले, "करार मोडायला निघालो होतो गं. हात निम्म्यावर आला तेव्हा लक्षात आलं."

"काका, बसा ना."

"वाच ते. सावकाश."

त्यांनी पिशवी घेतली. पायरी पायानं चाचपली. मामा मागोमाग गेले, हात धरायला. काकांनी हात धरू दिला नाही.

"मी त्यांना काढलं नव्हतं," मालकीणबाई म्हणाल्या. थोड्या वेळानं परत म्हणाल्या, "मी काढलं नव्हतं, बीए."

मग त्यांनी परिचारिकेला फोन केला आणि सांगितलं, प्लेट आज जाणार नाही. का, ते सांगितलं नाही. बाई स्वतः पडद्यासमोर बसल्या, पिवळ्या पानासमोर, मेल उघडला आणि बदललेलं मूळ मोठ्यानं वाचायला लागल्या. त्यांना टाच आपटायची माहीत नव्हती. बीएनं प्रूफ धरलं. सत्त्याण्णव. अठ्ठ्याण्णव. पाऊण तासानं एकशे सहावं पान आलं. बदललेलं कोष्टक.

"वजन चार ते सहा किलो," बाई वाचत होत्या. "दोन, टिंब, पाच."

बीएच्या बोटाखाली "२५" होतं.

"थांबा," ती म्हणाली.

बाईंनी येऊन बघितलं. बराच वेळ बघितलं. मग खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "पुढे." पुढे आणखी चुका नव्हत्या.

गुरुवारी दुरुस्त प्रूफ आलं. ते बीएनं दोनदा वाचलं आणि त्यावर पूर्ण ओळ लिहून स्वतःची सही केली. बाईंनी तसं सांगितलं होतं. पुस्तिका छापली, बांधली, दवाखान्यात गेली. बीएनं आतापर्यंत तीनदा काकांच्या घरी फोन केलाय. काकू उचलतात. "झोपलेत," म्हणतात. एकदा म्हणाल्या, "फिरायला गेलेत. एकटेच. मला येऊ देत नाहीत." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "ते शेवटचं पुस्तक पुरं केलं ना गं यांनी? विचारलं की नुसते गप्प बसतात."

बीए म्हणाली, परत करते, आणि फोन ठेवला.

बुधवारचं ते प्रूफ रद्दीत जायला हवं होतं. मामांनी उचललं नाही, बाईंनी फेकलं नाही. ते अजून खिडकीजवळच्या टेबलावर आहे. एकशे सहाव्या पानावर बीएची खूण आहे. पहिल्या पानाच्या समासात शाईनं लिहिलंय, "छापण्यास हरकत". पुढच्या शब्दाची जागा आणि सहीची जागा कोरी आहे.